सळईत ओवलेली कार्डं

टाइम ऑफिसातल्या त्या लाकडी खणाला दुसऱ्या कुणी हात लावलेला जयराम गांगुर्डेला खपत नसे. खण म्हणजे हातभर लांबीची एक अरुंद पेटी. तीत कारखान्यातल्या बदली कामगारांची कार्डं उभी लावलेली होती आणि प्रत्येक कार्डाच्या तळाच्या भोकातून एक पितळी सळई आरपार गेली होती. सळई ओढल्याशिवाय कार्ड निघायचं नाही, आणि सळई ओढायचा मान फक्त जयरामचा. साहेब लोक त्याला हसायचे, पण कामाला त्याचाच खण लागायचा. थोडा ताठा होताच त्याला. प्रामाणिक माणसाला असतो तसला, म्हणजे इतरांना जरा जास्तच खुपणारा.

कारखाना सातपूरचा, मोटारींना लागणाऱ्या कॉइलींचा. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी एका दिवसापुरतं ज्याला आत घ्यायचं तो बदली. रोज सकाळी खिडकीपाशी हे लोक डबा घेऊन उभे राहायचे. आज सात माणसं हवीत म्हटलं की खणातली पहिली सात कार्डं निघायची, आणि उरलेले आल्या पावली घरी जायचे. कार्ड जितकं पुढे, तितकी चूल पेटायची खात्री.

पुढचं-मागचं ठरलं होतं ११ जून १९७३ रोजी. त्या दिवशी कारखान्याने पहिल्यांदा बदली भरती केली आणि एका सकाळी एकतीस माणसं घेतली. जयराम तेव्हा नवा कारकून होता. त्याने विचारलं होतं, "साहेब, कार्डांवर रांगेचा नंबर टाकू का?"

"कशाला?" तेव्हाचे साहेब म्हणाले. "रांगेत उभे आहेत तशीच कार्डं ओवा. क्रम खणात राहीलच की."

तो राहिला. बारा वर्षं राहिला. एकतीस कार्डांवर तारीख एकच, नंबर कुठेच नाही, पण कोण कुणाच्या पुढे हे खणाला माहीत होतं. पुढच्या वर्षांत आणखी बदली आले, त्यांची कार्डं मागे ओवली गेली आणि एकूण एकशेबारा झाली.

आता खरी अडचण सांगतो. त्या खणातलं पहिलं कार्ड सुलाबाईचं होतं, आणि सुलाबाई ही जयरामच्या थोरल्या भावाची, सहादूची, बायको. सहादू भरतीच्या आदल्या वर्षी विहिरीच्या कामावर दगडाखाली सापडून गेला. पदरात दोन वर्षांची यशोदा. भरतीचा कागद गेटावर आठ दिवस लागलेला होता. जयरामने वहिनीला तो वाचून दाखवला, एवढंच. ती मखमलाबादकडून अंधारातच चालत निघाली आणि पोरीला कडेवर घेऊन उजाडायच्या आत गेटाशी सर्वांत पुढे उभी राहिली. पण लोकांचं तोंड कोण धरणार? "दिरानं वहिनीचं कार्ड पुढं खोचलं," हे वाक्य संध्याकाळपर्यंत साऱ्या सातपूरला फिरून आलं.

जयरामच्या ते जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्याने एक रीत धरली. पहिलं कार्ड तो स्वतः वाचायचा नाही. सळई ओढायची, कार्ड उलटं धरून शिपाई गोटीरामच्या हातात द्यायचं आणि आपण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचं. गोटीरामने "सुलाबाई सहादू!" असं पुकारायचं, हजेरीही त्यानेच मांडायची. कारखान्याच्या आवारात जयराम वहिनीशी एक शब्द बोलायचा नाही. घरी मात्र तीच यशोदा त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला जायची. सगळ्यांना ही गंमत माहीत होती, आणि जयरामला ती सगळ्यांना माहीत आहे याचं समाधान होतं.

एकोणीसशे पंच्याऐंशीत कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंड हवेची खोली झाली. साहेबांनासुद्धा बाहेर चपला काढाव्या लागल्या, याचाच कामगारांना जास्त आनंद. यंत्रावर काम करायला आली सुधा. पंचवटीतल्या दिवाकरगुरुजींची मुलगी. वडील रामकुंडावर यात्रेकरूंची कार्यं करायचे आणि ही पुण्याला जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकून आली होती. बावीस-तेवीसची असेल. ती जयरामला काका म्हणायची आणि तो तिला ताई.

त्याच सुमारास युनियनचा करार झाला. बदली कामगारांपैकी तीस जणांना कायम करायचं, बाकीच्यांना हिशेब देऊन मोकळं करायचं. तारखेप्रमाणे जो जुना तो आधी. शिवाय मागाहून आलेले पाच जण भरतीच्या आधीपासून याच कारखान्यात ठेकेदाराकडे राबत होते. त्यांची ती वर्षं धरायचं ठरलं. म्हणजे कार्डं खणात मागे, साठाव्या-सत्तराव्या जागी, पण तारखा आता सगळ्यांच्या आधीच्या. त्यांना पुढे आणून नवी यादी करायची होती. "यादी कॉम्प्युटर काढेल," युनियनचा पुंजाराम म्हणाला, "म्हंजे कुणाचा वशिला नको." बोलताना त्याने जयरामकडे पाहिलं, की जयरामला तसं वाटलं, कुणास ठाऊक.

सुधा खण बघायला आली. "काका, तुम्ही हे कसं लावता, मला दाखवा ना."

जयरामला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याने हौसेने सळई ओढली, ठेकेदाराकडच्या एकाचं कार्ड काढून डाव्या हातात धरलं. "हे असं हातात घ्यायचं. मग मागून पुढं बघत जायचं. याच्याहून नवी तारीख असली की त्या कार्डाला एक बोट मागं सरकवायचं. पुढचं बघायचं, तेही सरकवायचं. जुनी तारीख लागली की थांबायचं आणि तिच्या मागं हे खोचायचं."

"आणि तारीख सारखीच निघाली तर?"

"तर थांबायचंच. बरोबरीच्याला ओलांडायचं नाही. तो आधी आलाय म्हणून तर पुढं उभा आहे."

सुधा खूश झाली. "याला आमच्याकडे नाव आहे, काका! आणखीही रीती आहेत." तिने टेबलावर सहा कार्डं मांडली. एक रीत अशी, की शेजारच्या दोघांना बघायचं, उलटे असले तर त्यांची अदलाबदल करायची, पुढच्या दोघांकडे जायचं, आणि कुणीही उलटं उरणार नाही तोपर्यंत पहिल्यापासून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या. "ही शिकायला सगळ्यांत सोपी आणि कामाला सगळ्यांत रटाळ." दुसरी रीत म्हणजे सगळी कार्डं नजरेखालून घालून सर्वांत जुनी तारीख शोधायची, ते कार्ड पहिल्या जागी आणायचं आणि पहिल्या जागचं तिकडे द्यायचं. मग उरलेल्यांतलं सर्वांत जुनं शोधून दुसऱ्या जागी. असं शेवटपर्यंत.

"मी ही दुसरी घेणारे," ती म्हणाली. "तुमची चांगली आहे, पण पाच कार्डं पुढे आणायला मधल्या सगळ्यांना एकेक घर सरकवायचं म्हणजे फ्लॉपीवर तीनेकशे वेळा लिहावं लागेल. आमचं यंत्र लिहायला फार रडतं. हिच्यात दहा-वीस अदलाबदलींत काम उरकतं."

"पण यादी तीच येते ना?"

"तारखा त्याच, मग यादी दुसरी कशी येईल? रीत कुठलीही धरा, उत्तर एकच."

दोघांनाही ते पटलं. तिने प्रोग्रॅम लिहिला, बारा खोट्या नावांवर चालवून बघितला. बाराही तारखा तिने वेगवेगळ्या घेतल्या होत्या. यादी बिनचूक आली.

खरी यादी कडेला भोकं असलेल्या रुंद कागदावर छापून आली, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. ती तपासून सही करायचं काम टाइम ऑफिसचं. पुंजाराम आणि युनियनचे दोघे समोर येऊन बसले. आणि इथे जयरामने जे केलं ते आठवलं की मला आजही त्याचा राग येतो, आणि लगेच त्याची कीवही येते. त्याने पुठ्ठ्याची एक पट्टी कापली, नावांच्या रकान्यावर ठेवली आणि नुसत्या तारखांवरून बोट फिरवत खाली गेला.

"काका, नावंही बघा ना," सुधा म्हणाली.

"नको, ताई. नावं बघितली की उद्या कुणी म्हणेल, गांगुर्ड्यानं आपल्या माणसाचं बघितलं."

तारखा सगळ्या ओळीने होत्या. एकही पुढेमागे नव्हती. त्याने प्रत्येक पानावर सही ठोकली, आणि पुंजारामनेही मान डोलावली.

यादी सात दिवस फळ्यावर राहणार होती; कुणाची हरकत असेल तर सात दिवसांत सांगायची. रविवारी सुलाबाई जयरामच्या घरी आली. त्याची बायको लताबाई चहा करत होती. सुलाबाईला सही येत होती, पण फळ्यावरची इंग्रजी अक्षरं तिच्यासाठी मुंग्यांची रांग होती; बहुतेक बदली कामगारांची तीच गत.

"भाऊजी, माजं नाव हाय ना वर?"

"आहे की. पाच जण ठेकेदाराकडचे, मग तुम्ही. सहाव्या."

"तुमी सोता पाह्यलं?"

"पाहिलं," जयराम म्हणाला.

त्याला यात खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. पाचाच्या पुढे सहा. यात बघायचं काय? सुलाबाईने चहा संपवला, हात जोडले आणि मोकळं हसली. वस्तीतल्या बालवाडीत मदतनीस बाई हवी होती आणि बालवाडीच्या बाईंनी तिला त्या आठवड्यात कळवायला सांगितलं होतं. जाता जाता तिने लताबाईला सांगितलं, "उद्या त्यांना नाय म्हनून येते. आता मी कायम झाले. दुसऱ्या कुना गरजवंताला मिळू दे."

आठव्या दिवशी गेटाशी पत्रं वाटली. गोटीराम एकेक नाव पुकारत होता आणि जयराम सवयीने घड्याळाकडे बघत होता. पाच नावं झाली. सहावं झालं, ते सुलाबाईचं नव्हतं. सातवं, आठवं. जयरामला वाटलं, गोटीरामचं एक पत्र खाली राहिलं. पंधरा झाली, वीस झाली. बहिरू म्हणून एक जण होता, भरतीच्या रांगेत अगदी शेवटून तिसरा. त्याचं नाव आलं तेव्हा तो स्वतःच चमकला, आणि मग आनंदाने त्याला रडू फुटलं. तीस पत्रं संपली.

"नीट वाच," जयराम ओरडला.

"नीटच वाचलंय, भाऊ."

सुलाबाई डबा घेऊन जागेवर उभी होती. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. नाव मागून येईल म्हणून ती वाट बघत होती. जयराम आत धावला. फाइलीतून यादी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा नावांवरून बोट फिरवलं. सुलाबाई बत्तिसाव्या जागी होती. तिच्यामागे, तेहेतीस ते छत्तीस, रांगेतले दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा. उजाडायच्या आत येऊन उभे राहिलेले पाचही जण त्या दिवसाच्या तारखेत सर्वांत शेवटी जाऊन पडले होते.

तो चपला न काढता थंड खोलीत शिरला. सुधाने यादी पाहिली, खण मागितला, कार्डं टेबलावर मांडली आणि आपल्याच रीतीने हाताने लावायला सुरुवात केली. ठेकेदाराकडचा पहिला पहिल्या जागी आला, आणि त्याने रिकाम्या केलेल्या साठाव्या जागी सुलाबाईचं कार्ड गेलं. तिथेच सुधाचा हात थांबला.

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "यांना एकच घर मागे सरकवायचं होतं. मी उचलून थेट साठाव्या जागी नेऊन ठेवलं. मग बाकीचे सारख्या तारखेचे आपल्या जागी आधीच बसलेले. यांची पाळी आली तेव्हा सगळ्यांच्या मागेच जागा उरली. तारखा बरोबरच दिसणार. सारख्या तारखांत कोण पुढे हे यंत्राला मी सांगितलंच नाही."

ती रडत रडतच पुन्हा लिहायला बसली. यावेळी जयरामची रीत. दुसऱ्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत एकेक कार्ड हातात धर. त्याच्या लगेच पुढच्या कार्डापासून पहिल्या कार्डाकडे बघत जा. तिथली तारीख हातातल्या कार्डाहून नवी असेल, तरच त्या कार्डाला एक घर मागे सरकव. सारखी असेल किंवा जुनी असेल, तर थांब आणि तिच्या मागे ठेव. सगळा मिळून दहा ओळींचा प्रोग्रॅम. यंत्र वीस मिनिटं कुरकुरलं आणि यादी आली. सहावं नाव सुलाबाई सहादू गांगुर्डे.

वीस मिनिटं. तेवढी वाचवायला निघाले होते सगळे.

दोन्ही याद्या घेऊन ती दोघं चिंतामणरावांकडे गेली. हे कारखान्याच्या कामगार खात्याचे साहेब, सज्जन माणूस, पण कागदाबाहेर न जाणारा. त्यांनी दोन्ही नीट वाचल्या.

"करारात फक्त तारीख आहे, गांगुर्डे. तारखेप्रमाणे दोन्ही बरोबर आहेत. मग सही झालेली मी का बदलू?"

"साहेब, रांगेचा क्रम खणात आहे. बारा वर्षं रोज त्याच क्रमानं माणसं आत घेतली."

साहेबांनी पुंजारामला आणि रांगेतल्या लोकांना बोलावून विचारलं. बारा वर्षांनी प्रत्येक जण आपण पुढेच होतो म्हणाला, आणि खोटं बोलतोय असं एकाच्याही तोंडावर दिसत नव्हतं. एकट्या बहिरूने मान खाली घातली. त्याला पत्र मिळालं होतं, घरी चार पोरं होती. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

"राहिला तुमचा खण," पुंजाराम म्हणाला. "तो कुनाच्या ताब्यात व्हता? अन् त्यातलं पयलं कार्ड कुनाचं?"

जयराम सगळा जन्म ज्या वाक्याला भीत आला होता, ते हेच.

"शिवाय सात दिवस होते," चिंतामणराव हळू आवाजात म्हणाले. "सुलाबाईंनी हरकत का नाही घेतली? यादी तुम्हीच तपासलीत ना?"

सुधाने चूक आपली असल्याचं लेखी दिलं. ते फाइलीला लागलं. रांगेतल्या बाकीच्या चौघांनी चार दिवस आरडाओरडा केला आणि हिशेब घेऊन कुणी सटाण्याकडे, कुणी मालेगावला कामाच्या शोधात पांगले. सुलाबाई बालवाडीत विचारून आली. तिथे दुसरी बाई लागली होती, आणि ती खरंच गरजवंत होती.

पुढच्या रविवारी दुपारी जयराम तिच्या घरी गेला. ती उंबऱ्याशी बसून गोधडीला टाके घालत होती. शेजारची भागीबाई जवळ बसलेली. सुलाबाई तिला सांगत होती, "मशिनीनं नाव खाल्लं, बाई. भाऊजींनी तर सोता पाह्यलं व्हतं, सहावी व्हते मी. मागून कायतरी बिघाड झाला." त्याला बघून ती उठली, पाणी दिलं आणि पुन्हा गोधडी घेऊन बसली. भागीबाई घरी गेली.

तांब्या हातात तसाच धरून जयराम म्हणाला, "वहिनी, मी पाहिलं नव्हतं."

"काय नव्हतं पाह्यलं?"

"यादी. तुमचं नाव. तुम्हाला म्हणालो पाहिलं, पण पुठ्ठा ठेवला होता मी नावांवर. बघितलं असतं तर सात दिवस होते हातात. काढता आली असती चूक. मी बघितलंच नाही."

सुलाबाईचा सुईचा हात थांबला. ती रागावेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. त्याची त्याने वाटभर तयारी केली होती. तिने सुई गोधडीत खोवून ठेवली.

"बारा वरसं रोज सकाळी मी खिडकीशी पयली उभी राह्यले," ती म्हणाली. "तापात आले, पावसात आले. गोटीराम नाव पुकारायचा अन् तुमी भिंतीकडं बघायचे. मला वाटायचं, लोकांसाठी करत्यात. करू दे. घरचं मानूस हाय, मनात तर बघतच आसल." तिने दोरा दाताने तोडला. "येकदा तरी पाह्याचं व्हतं, भाऊजी."

जयरामने तांब्या खाली ठेवला. यशोदा शाळेच्या मैदानावरून आली, काकाला बघून हसली. तो तसाच उठला.

महिनाअखेर खण रिकामा करायचा हुकूम आला. तीस कार्डं कायम कामगारांत जाणार, बाकीची बांधून कोठीत. जयरामने शेवटच्या वेळी सळई ओढली. गोटीराम सवयीने पुढे झाला, पहिलं कार्ड घ्यायला. जयरामने ते त्याच्याकडे दिलं नाही.

त्याने ते सरळ केलं आणि वाचलं. कोपऱ्यात भरतीच्या दिवशी गेटावरच काढून डकवलेला फोटो होता. सत्तावीस वर्षांची सुलाबाई, डोक्यावर पदर, चालून चालून दमलेली, आणि तिच्या खांद्यावर कुणाची तरी एवढीशी बोटं. बाकीची यशोदा फोटोत मावली नव्हती. मागे गोटीरामच्या वाकड्या अक्षरात बारा वर्षांची हजेरी होती, पुरवणीला डकवलेल्या कागदांसकट. जयरामने ती पहिल्या दिवसापासून वाचायला घेतली. बोलावलं आणि आली नाही, असा एकही दिवस त्यात नव्हता.

"भाऊ, कोठीत न्यायची ना?" गोटीरामने विचारलं.

"थांब जरा," जयराम म्हणाला. "अजून बघतोय."